कार्डावर मी रोज हजर

३ फेब्रुवारी, सोमवार

भरपाईच्या ऑफिसात अर्ज दिला एकदाचा. कुंभारीहून साडेनऊला निघालो, मी आणि माझी पोरगी ज्योती. वकीलबाई कोर्टाच्या फाटकाशी उभ्या होत्या. सरकारने फुकट दिलेल्या, पण फुकटातल्या वाटत नाहीत. जुळे सोलापूरहून स्कूटीवर येतात, भराभर बोलतात. म्हणाल्या, मावशी, आजपासून काय घडेल ते तारीख घालून लिहीत जा. उद्या कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं नाही. म्हणून ज्योतीची अर्धी कोरी वही घेतली. दहावीनंतर एवढं कधी लिहिलं नव्हतं. उजवा हात धड आहे, तो लिहितोय.

त्या उजव्यावरूनच क्लार्कशी वाजलं. फाइल उघडून म्हणतो कसा, "डावाच हात आहे की. उजवा असता तर गोष्ट वेगळी." मी म्हणाले, "साहेब, कोयतेवाल्याला आधी सांगून ठेवायला पाहिजे होतं." ज्योतीने माझा पदर ओढला.

कागद दिले. एफआयआरची नक्कल, ऑपरेशनचा कागद, आधार, बँकेचं पुस्तक. मग म्हणाला, धंद्याचा पुरावा? मी पिशवीतून विडीचं कार्ड काढलं, झेरॉक्ससकट, सगळी पानं. आम्हाला घर मिळालं ते कार्डावर. ज्योतीची स्कॉलरशिप कार्डावर, माझा चष्मा कार्डावर. वकीलबाई म्हणाल्या, वा मावशी, तयारीच्या आहात. कॉलर ताठ झाली माझी. येताना ज्योतीला उसाचा रस पाजला.


११ फेब्रुवारी, मंगळवार

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात. सकाळी आठपासून रांग, नंबर लागला दीडला. डॉक्टर पोरगेला. कशानं झालं? पुन्हा पहिल्यापासून सांगा. पोलिसाला सांगितलं, वकीलबाईंना सांगितलं, बँकेतल्या बाईलासुद्धा सांगितलं. आता पाठ झालंय. ऑक्टोबरात झालं. समोरच्या घरातली रेणुका माहेरी आलेली. तिचा नवरा महादेव होटगीहून तिला न्यायला आला तो पिऊन, कोयता घेऊन. ती पळत आमच्या घरात शिरली. मी दारात होते. चौकटीवर डावा हात आडवा धरला आणि म्हणाले, आत यायचं नाही. मी नाही सरकले, त्याने मारला.

डॉक्टर म्हणाला, मूठ वळा. तीन बोटं अर्ध्यात थांबतात. पेला धरा. धरला. वेणी घालता? पोरगी घालून देते. जेवता? उजव्या हाताने जेवतात हो डॉक्टर. हसला नाही.

मी म्हणाले, बोटांच्या शेंड्यांना काही कळत नाही. पान आहे का हवा आहे तेच समजत नाही. मी विडी वळते, सगळं काम शेंड्यांचं. तो म्हणाला, "विडीचा रकाना नसतो मावशी यात." टक्के आले ते इतके कमी की ज्योतीने दोनदा वाचले. बाहेर एक माणूस मला म्हणतो, आत्ताच वाढवून घ्या, नंतर होत नाही. म्हणजे काय, ते त्याने बोटांनी करून दाखवलं. शी!


१५ फेब्रुवारी, शनिवार

आज कार्डावर आठशे.

अत्तम्मा (माझ्या सासूबाई, वय त्र्याहत्तर, अजून चष्म्याशिवाय वळतात) आणि कॉलेजातून आल्यावर ज्योती. मी पानं भिजवते, गुडघ्याखाली दाबून कापायचा प्रयत्न करते. चार कापली, त्यातली दोन फाटली. अत्तम्मांनी फाटकी उचलून बाजूला ठेवली. त्यांनी बोलावं असं वाटलं.

आमच्या लाइनीत हे असंच असतं. कार्ड एकीचं, वळणारं अख्खं घर. नवीन कार्ड आता कुणी देत नाही, म्हणून जे आहे ते जपायचं. खाडे पडले की कार्ड बंद. दहा वर्षं भरली की म्हातारपणी पेन्शन. माझी भरायला आठ महिने कमी आहेत. मी दवाखान्यात पडले त्या दिवशीसुद्धा कारखान्याच्या ब्रँचला माझ्या कार्डावर माल गेला. रेणुका घेऊन गेली.

हो, तीच. मी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा ती आमच्या अंगणात सूप मांडीवर घेऊन बसली होती. सात आठवडे रोज, नऊ ते सहा. अत्तम्मा नको नको म्हणाल्या तर म्हणाली, "माझ्यापायी झालं अक्काचं, कार्ड तरी तुटू देणार न्हाय." मला तेव्हा रडू आलं होतं. तेवढं एकच माणसासारखं वागलेलं माणूस.

आणि संक्रांतीला गेली परत नांदायला! तो मुडदा जामिनावर सुटून आला, तिळगुळाचा पुडा आणला, हिने बॅग भरली. मी माझ्या हाताकडे बघितलं. कुणासाठी आडवा धरला होता हा?


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहितानासुद्धा डोकं तापतंय.

मी दवाखान्यात बोटांच्या व्यायामाला गेले होते. परत येते तर लाइनीतल्या चारजणी आमच्या अंगणात, अत्तम्मा मध्ये, सगळ्या खूश. अत्तम्मा म्हणाल्या, "मणी, कार्डाचा साहेब आला होता. असा वाटेला लावला की पुन्हा येणार नाही."

मी विचारलं, कोण साहेब?

"पांढरा शर्ट, हातात फाइल. नागमणीबाई काम करतात का विचारत होता. मी म्हणाले, करते तर! रोज हजार वळते. तिच्यासारखा हात अख्ख्या कुंभारीत नाही." शेजारची सरोजा म्हणाली, "मी पण सांगितलं की. आत्ता दहा मिनटं झाली उठून गेली म्हटलं, सूप पण दाखवलं." तिसरीने सांगितलं, हाताला काय झालेलं नाही, जरा खरचटलं होतं.

नऊ वर्षं आम्ही हेच घोकलंय. फाइलवाला माणूस दारात आला की कार्डवाली आत्ताच उठून गेली, रोज वळते, भरपूर वळते. लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. मी विचारलं, पायात बूट कसले होते? अत्तम्मा विचार करून म्हणाल्या, "तांबडे."

पोलीस होता. भरपाईच्या अर्जाची चौकशी करायला आलेला. मी तिथंच पायरीवर बसले. सरोजा म्हणाली, पाणी देऊ का? मी म्हणाले, आता विष दे. ती खरंच घाबरली.

अत्तम्मा जेवल्या नाहीत. मीपण जेवा म्हटलं नाही.


१० मार्च, सोमवार

भरपाईच्या ऑफिसातून पत्र. ज्योतीने मोठ्याने वाचलं. "अर्जदार ही घटनेनंतरही नियमितपणे विडी वळण्याचे काम करीत असल्याचे तिने स्वतः सादर केलेल्या कार्डावरून तसेच स्थानिक चौकशीवरून दिसून येते. सबब उत्पन्नाचे नुकसान झाल्याचे दिसून येत नाही." ८ एप्रिलला समक्ष हजर राहा, म्हणणं मांडा.

सबब! त्या शब्दाचीच किळस आली. आणि तिने स्वतः सादर केलेल्या. खरंय की. मीच दिलं, झेरॉक्स काढून, कॉलर ताठ करून. ऑपरेशनच्या दिवसाचं पान पण त्यातच. त्या दिवशी आठशे पन्नास. भूल दिलेल्या बाईने आठशे पन्नास विड्या वळल्या.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "मावशी, मला का नाही सांगितलंत?" काय सांगायचं होतं? आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आमच्याकडे सगळ्यांचं तसंच असतं, म्हणून मनातच आलं नाही.


१८ मार्च, मंगळवार

वकीलबाईंच्या घरी गेलो. ऊन आत्ताच असं, पुढं काय होणार. त्यांनी ताक दिलं. म्हणाल्या, रस्ता एकच आहे. खरं ते प्रतिज्ञापत्रावर लिहायचं. ते सात आठवडे आणि त्यानंतरही मी वळलेलं नाही, दुसऱ्यांनी माझ्या कार्डावर वळलं. वळणारीने येऊन सांगितलं तर उत्तम.

ज्योती म्हणाली, मग कार्डाचं काय होईल?

वकीलबाई म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. निदान खोटं बोलल्या नाहीत. बाई सरळ आहे.

म्हणजे कसं, हात गेला म्हणून मागायचं असेल तर कार्ड सोडायचं. कार्ड ठेवायचं असेल तर हात चांगला आहे म्हणायचं. आणि हा निकामी हात ज्योतीच्या कॉलेजच्या आड यायला लागलाय. पोरगी पेपर जवळ आलेले असताना विड्या वळतेय. काल म्हणाली, मम्मी, मी एक वर्ष गॅप घेऊ का? कानफटात द्यावीशी वाटली, तिच्या नाही, कुणाच्या तरी.


२१ मार्च, शुक्रवार

ब्रँचला गेले. आप्पा चेकर, माल तपासणारा, नऊ वर्षांचा ओळखीचा. माझी विडी त्याने कधी परत टाकली नाही. सगळं सांगितलं. तो सुपातल्या विड्या निवडत राहिला, वर बघितलं नाही.

"मणी, मला काय दिसत न्हाय का? तुझी विडी कुठली, रेणुकाची कुठली, तुझ्या सासूची कुठली, डोळं मिटून सांगतो. रेणुका विडीचं तोंड जरा सैल मोडती."

"मग सांगा की तसं येऊन."

"तोंडी सांगतो. कागदावर आलं की मग मी आंधळा ऱ्हाऊ शकत न्हाय. कार्ड जमा करून घ्यावं लागंल. वरचे विचारतील, किती बायकांचं असं हाय? मग कुणाकुणाचं नाव देऊ?"

रागवायला जागाच ठेवली नाही मेल्याने. निघताना म्हणाला, हात दाखव. बघितला, बोटं उघडून मिटून. डॉक्टरने बघितला त्यापेक्षा नीट बघितला. म्हणाला, "गेला की गं." 


३० मार्च, रविवार. उगादी

पाडव्याची कडूगोड पच्चडी केली. ज्योतीने कडुलिंबाची फुलं जास्त टाकली. अत्तम्मा म्हणाल्या, असू दे, यंदा चालतंय.

रेणुका माहेरी आली होती सणाला. दुपारी आमच्याकडे आली, दारातच थांबली, त्याच चौकटीत. मी ये म्हटलं नाही. अत्तम्मांनी म्हटलं. ज्योतीने तिला सगळं सांगितलं, आठ एप्रिल वगैरे.

"मी येते अक्का. मी वळल्या म्हणून सांगते की. खरंच हाय ते."

मी म्हणाले, येशील? मग विचारतील, तू हिच्या कार्डावर का वळत होतीस? काय सांगशील, हौस होती?

बारीक आवाजात म्हणाली, "त्यांचं नाव घ्यायला लागंल का?"

त्यांचं! त्यांचं म्हणे. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती उभ्या उभ्या रडली. शेवटी म्हणाली, "तुमी एकट्या ऱ्हाऊ शकता अक्का, तुमच्याकडं कार्ड हाय. माझ्याकडं काय हाय?"

ती गेल्यावर तिचाही राग आला आणि माझाही. तिच्या गळ्याखाली जुना पिवळा पडलेला वळ होता. मी बघितला होता. तरी बोलायची थांबले नाही.


३ एप्रिल, गुरुवार

बातमी फुटली. ब्रँचमधूनच फुटली असणार. पाण्याच्या नळावर सरोजाने हंडा मध्येच काढला आणि म्हणाली, "ऐकलंय ते खरं हाय का? तू लिहून देणार?"

मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

"तू लिहून दिलंस तर उद्या तपासणी आमच्या दारात. माझ्या कार्डावर माझी सून वळती, तिकडं पुष्पाच्या कार्डावर तिची आई. एका हातासाठी पन्नास घरं बुडवशील व्हय गं?"

हीच सरोजा मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती. तिची साडी माझ्या रक्ताने भिजली, ती तिने परत मागितली नाही की धुवायला दिली नाही.  हंडा अर्धाच भरून आणला.

मला या सगळ्याचा वीट आलाय. तो मात्र होटगीत खुशाल फिरतोय, काल म्हणे जत्रेत पालखीच्या पुढं नाचला. त्याला कुणी विचारलं का, तू रोज काम करतोस का, तुझा हात किती टक्के चालतो?


८ एप्रिल, मंगळवार

पत्राच्या मागे हाताने लिहिलेलं होतं ते आम्ही वाचलंच नव्हतं. वकीलबाईंनी काल दाखवलं. "साहित्यासह." म्हणजे विडी वळण्याचं सामान घेऊन या. ज्योतीने ओल्या फडक्यात पानं गुंडाळली, डबीत तंबाखू, सुताचं रीळ, सूप, कात्री. फाटकावर पोलिसाने कात्री काढून घेतली. पानं आधीच कापलेली होती म्हणून बरं.

मॅडम न्यायाधीश आहेत, वयाने माझ्याएवढ्या. वाईट नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला वळता येत नाही असं तुमचं म्हणणं आहे. मग प्रयत्न करून दाखवाल का? सक्ती नाही." वकीलबाई हरकत घेत होत्या. मी म्हणाले, दाखवते.

फरशीवर बसले. सूप मांडीवर. क्लार्क खुर्ची फिरवून बसला. शिपाई दारात, त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं, कुणाच्या तारखेला आलेले. मदाऱ्याचा खेळ!

पान डाव्या हातात राहीना. मनगटाने पोटाशी दाबलं. तंबाखू सांडली, पुन्हा भरली. बोटं पुढं जात नाहीत म्हणून तळहाताने लोटत लोटत गुंडाळी केली. तोंड मोडायला नख लागतं, ते उजव्याने केलं. सूत दातात धरलं. घाम गळत होता. किती वेळ गेला माहीत नाही, ज्योती म्हणते वीस मिनिटं.

आणि झाली. एक विडी. तोंड बंद, सूत घट्ट, अंग सरळ. आप्पाने सुद्धा परत टाकली नसती.

क्लार्क म्हणाला, "झाली की!"

मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. वाईट वळायला पाहिजे होती. फाटायला पाहिजे होतं पान. चारचौघांसमोर वाकडी विडी करायची म्हटलं तर मला येतच नाही. पहिलीच्या वर्गापासून आईने मारून मारून सरळ वळायला शिकवलंय. मी म्हणाले, "मॅडम, हजार होईपर्यंत बसू का इथं? पंधरवडा जाईल." मॅडमनी क्लार्कला सांगितलं, वेळ लिहा. त्याने काय लिहिलं ते वकीलबाईंनी नंतर बघितलं. "अर्जदाराने विडी वळून दाखविली." एवढंच. त्यावरून वकीलबाई आत जाऊन भांडून आल्या, म्हणून वीस मिनिटं हे शब्द वरती बारीक अक्षरात घुसवले.

निघताना शिपायाने माझी विडी टेबलावरून उचलली आणि कानाला लावली. सहज. बाहेर गेल्यावर ओढली असेल.

पुढची तारीख २२. मॅडम म्हणाल्या, कार्डावरच्या विड्या कुणी वळल्या ते त्या दिवशी सांगा.


१६ एप्रिल, बुधवार

रेणुकाला फोन केला. त्याने उचलला. "कोण?" एवढंच म्हणाला, साध्या आवाजात. दूध घालायला आलेल्या माणसाने विचारावं तसं. मी कापले. फोन ठेवून दिला. उरलेल्या सकाळभर डावा हात पदराखाली घेऊन बसले, जसा काही तो दिसला तर पुन्हा मारेल.

कापले याचीच लाज वाटते. त्या दिवशी दारात नव्हते कापले.

अत्तम्मा सगळं बघत होत्या. म्हणाल्या, रेणुकाला सोड. मी येते, मी वळल्या म्हणून सांगते. मी म्हणाले, तुम्ही पेन्शनवाल्या, तुमचंही बंद करतील. म्हणाल्या, "करू दे. त्या तांबड्या बूटवाल्याला मीच सांगितलं ना, ते मलाच निस्तरायला पाहिजे." दीड महिन्यात पहिल्यांदा त्या गोष्टीवर बोलल्या. म्हणजे रोज मनात तेच चाललेलं. मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते इतके दिवस. आज भात वाढताना जास्त तूप वाढलं, तेवढंच केलं.


२२ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. सगळं सांगितलं.

रेणुका आली नाही. अत्तम्मांना मी घरीच ठेवलं, रागावल्या, तरी ठेवलं. लाइनीतल्या कुणाचं नाव मी घेतलं नाही. मॅडमनी विचारलं, कुणी वळल्या? मी म्हणाले, माझ्या घराने वळल्या, कार्ड तुटू नये म्हणून, आणि ज्या मुलीसाठी मी हात आडवा धरला तिने वळल्या. तिचं नाव तुमच्याकडे एफआयआरमध्ये आहे, माझ्या तोंडून पुन्हा नको.  मॅडम म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत." मला वाटलं, सुटले.

मग क्लार्कने ते टाइप केलं. वाचून दाखवलं. मी बोललेलं वेगळं, ते भलतंच. "मी अर्जदार कबूल करते की, मी प्रत्यक्ष काम करीत नसताना माझ्या कार्डावर खोटी हजेरी लावून घेतली. सदर बाब मी प्राधिकाऱ्यांपासून लपवून ठेवली." सही करा म्हणाला. पेन पुढं केलं, टोपण काढून.

मी म्हणाले, मी लपवलं कुठं? मीच तर दिलं झेरॉक्स. तो म्हणाला, भाषा अशीच असते मावशी. वकीलबाईंनी कागद ओढून घेतला, दुरुस्ती हवी म्हणाल्या. मॅडम आतल्या कामाला उठून गेल्या होत्या. क्लार्क म्हणाला, दुरुस्ती केली तरी एक प्रत विडी खात्याच्या ऑफिसला जाणारच. सोमवारी अकराला या, सही करायची नसेल तर अर्ज मागे घेतला असं लिहून द्या.

निघताना ज्योतीने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. 


२३ एप्रिल, बुधवार

सरोजा येऊन गेली. मी कुणाचं नाव घेतलं नाही हे तिला कळलंय. पाव किलो शेंगा ठेवून गेली. पण आप्पाचा निरोपही तिनेच आणला. कागद आला की कार्ड जमा, त्याच्या हातात काही राहणार नाही. मला आठ दिवस अगोदर कळवतोय, तेवढंच.

ज्योती म्हणते सही कर. अत्तम्मा म्हणतात आधी ऐकव. वाचता येत नाही त्यांना, मराठी कागदी भाषा तर समजतच नाही. बिनसहीच्या प्रतीचा फोटो ज्योतीच्या मोबाइलमध्ये होता. मी एकेक ओळ तेलुगूत सांगत गेले. कबूल करते. खोटी हजेरी. लपवून ठेवली. त्या पान कापायचं थांबवून ऐकत होत्या. संपलं.

अत्तम्मा म्हणाल्या, "त्याचं नाव कुठं आलं?"

कुणाचं?

"महादेवचं. कोयता मारला त्याचं."

मी मोबाइल ज्योतीकडून घेतला, अक्षरं मोठी केली आणि वरून खाली वाचलं. माझं नाव चार वेळा. कार्डाचा नंबर दोनदा. कुंभारी, ब्रँच, विड्यांचा आकडा. कोयता नाही. ऑक्टोबर आहे, पण तो हजेरीचा. पुन्हा एकदा वाचलं.

त्याचं नाव कुठंच नाही, म्हणाले. सोमवारला अजून पाच दिवस आहेत.